बंद घरांचे आवाज

१

शुक्रवारी सकाळी माझं पान वेळेवर गेलं नाही तर जगाचं काही अडत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तरी गुरुवारपासूनच मी घायकुतीला येतो. पानाचं नाव 'नवं काही'. आठवडाभरात जे नवं पाहिलं, ऐकलं, त्यातलं खरंच लक्ष देण्याजोगं तेवढं निवडायचं. एखादा लघुपट, कुणाची छायाचित्रं, कुण्या पोरीनं घरात बसून रचलेलं गाणं, नाहीतर पुस्तकाचं एखादं फक्कड मुखपृष्ठ. त्यावर चार ओळी खरडायच्या आणि वाचकांना मेलवर धाडून द्यायच्या. एवढाच माझा उद्योग.

उभी हयात पुण्यात जाहिरातींची डिझाइनं करण्यात गेली, त्यामुळे वाईट काय ते मला लांबून ओळखू येतं. चांगलं शोधायला वेळ लागतो, आणि वेळ माझ्याकडे बक्कळ आहे. माझी बायको मंगल गेली, त्यानंतर पुण्याचा फ्लॅट मला खायला उठला. सगळं गुंडाळलं आणि इथे शिरूर कासारला वडिलांच्या घरात येऊन राहिलो. वडील शाळामास्तर. त्यांनी बांधलेलं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर. बैठकीत त्यांचंच भिंतीवरचं घड्याळ आहे. चालता चालता ते मध्येच एखादा ठोका गिळतं आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागतं. दुरुस्त करावं असं मला कधी वाटलं नाही. तेवढीच घरात एक सवय असलेली वस्तू.

मुलगी दिपाली बंगळुरूला असते. रविवारी फोन करते. लहानपणी तिला एक खोड होती. मी एका खोलीत, ती दुसऱ्या खोलीत, काम काहीच नाही, आणि उगाच हाक मारायची, "बाबा!" मी म्हणायचो, "ओ!" एवढ्यावर तिचं भागायचं. मी घरात आहे याची खात्री करून पुन्हा खेळायला लागायची. अजूनही फोन उचलला की ती आधी "बाबा!" म्हणते आणि मी "ओ!" म्हणतो. हॅलो आमच्यात कुणी म्हणत नाही.

खरं सांगतो, मी हे पान कलेच्या सेवेसाठी वगैरे चालवत नाही. शुक्रवारी दुपारी वाचकांची उत्तरं येतात. 'वा', 'हे माहीतच नव्हतं', 'तुम्ही फार कडक लिहिता बुवा'. सहा दिवस बोलायला कुणी नसलेल्या माणसाला ती उत्तरं किती लागतात, ते ज्याचं त्याला माहीत.

२

'बंद घरं' मला दसऱ्याच्या आधी सापडली.

होतकरू मंडळी आपली ध्वनिमुद्रणं जिथे टाकतात अशी एक साइट आहे. तिथे नव्वद टक्के मालात दम नसतो. उगाच घुमणारे सूर आणि खाली भलंमोठं तत्त्वज्ञान. हे खातं मात्र निराळं होतं. चालवणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही, एक शब्दही लिहिलेला नाही. नुसत्या मुद्रणांच्या पाट्या: 'चौसाळा, पत्र्याचं घर'. 'धर्मापुरी, देवळामागचं घर'. सगळी आपल्याच जिल्ह्यातली गावं. मी कानाला हेडफोन लावला.

सुरुवातीला एका म्हाताऱ्याचा आवाज यायचा. "हाय का कुनी आत?" थोडं थांबून पुन्हा. पुन्हा एकदा. मग दार ओढल्याचा आवाज, कडी, कुलूप. पावलं लांब जायची. आणि मग सुरू व्हायचं ते घर, आतून. ऊन चढलं की पत्रा कडकड करायचा. माठातून पाणी पाझरून खाली ठिपकायचं, आणि माठ रिता होत जाईल तसे ते ठिपके विरळ व्हायचे. फडताळात उंदीर. दोरीवर राहिलेल्या एका कपड्याची फडफड. एवढंच. पण ते असं धरलेलं होतं की मी तास-दीड तास जागचा हललो नाही.

त्या शुक्रवारी मी पानावर दुसरं काहीच घेतलं नाही. लिहिलं, 'ऊसतोडीला गेलेल्यांची ही घरं आहेत. यात माणूस नाही आणि त्याची उणीवही नाही. घर मुळात किती सुरेल असतं, ते त्यातलं माणूस गेल्यावर कळतं.' वाक्य चांगलं जमलं होतं. वाचकांनी ते एकमेकांना पाठवलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याच भरात मी त्या खात्याला निरोप टाकला. 'कधी शिरूर कासारला या. दसऱ्यानंतर आमची गल्ली निम्मी बंद असते. माझं घर उघडं असतं, पण त्यानं फारसा फरक पडणार नाही.' विनोद म्हणून लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. निरोप वाचल्याची खूण तेवढी उमटली.

३

आमच्या गल्लीतली माणसं निघाली त्या दिवशी सकाळपासून ट्रॅक्टर येऊन उभा होता. अंथरुणं, पातेली, कोयते, कोंबड्यांची खुराडी, सगळं ट्रॉलीत चढत होतं. समोरच्या छबुबाईंचा मुलगा तानाजी आणि सून दोघंही निघाले होते. छबुबाई तेवढ्या मागे राहतात, म्हशीपाशी. मी त्यांना मावशी म्हणतो, आणि त्या मला भाऊ म्हणतात.

मी दारात उभं राहून सगळ्यांना 'बरं, सांभाळून जा' म्हटलं आणि आत आलो. हेडफोन लावला. धर्मापुरीचं मुद्रण पुन्हा ऐकायचं होतं, तिथे देवळाकडून येणारा पारव्यांचा आवाज मला फार आवडायचा.

"हाय का कुनी आत?"

मुद्रणातलीच हाक. मी डोळे मिटले. पुन्हा हाक आली, आणि या खेपेला मला वाटलं की माइक किती जवळ ठेवलाय! तिसऱ्यांदा आली. मग कडीचा आवाज. मग घर सुरू झालं आणि मी त्यात बुडून गेलो.

दुपारी भाजी आणायला निघालो तर दार उघडेना. बाहेरून कडी लागली होती. मी दार बडवलं, ओरडलो. बऱ्याच वेळानं समोरून छबुबाई आल्या आणि कडी काढून माझ्याकडे बघतच राहिल्या.

"आगं बया! भाऊ, तुमी आत हाव?"

"मग कुठं असणार?"

"धोंडीराममामानं तीनदा हाक घातली की. मी ऐकली वसरीवरनं. ओ कावून न्हाई दिली?"

मग मला कळलं. ऊसतोडीला निघताना घराला कुलूप घालण्याआधी उंबऱ्यात उभं राहून तीनदा हाक घालायची, ही इथली रीत. आमच्या गल्लीत ते काम सगळ्यांत वडील म्हणून धोंडीराममामांचं. त्यांना आता धड दिसत नाही. दारं चाचपत, एकेक घर करत ते माझ्याही दारात आले होते, कुणाची ओ आली नाही म्हणून कडी घातली होती, आणि ट्रॉलीत बसून कारखान्यावर गेले होते. मला हसू फुटलं. छबुबाई हसल्या नाहीत.

"कानात हेडफोन होता, मावशी. मला वाटलं त्यातलीच हाक आहे."

"रातीच्या हाकेला ओ द्यायची न्हाई, आन् दिसाच्या हाकेला चुकायचं न्हाई. मास्तराचं लेकरू तुमी, येवडं ठावं न्हाई?"

"चुकलं तर काय होतं?"

"काय हुतंय!" त्यांनी पदर सारखा केला. "आत ऱ्हायलं त्याला सा म्हैने कुनी बघत न्हाई, येवडंच. आमची मांजर ऱ्हायलती यकदा."

"मग?"

"मग काय न्हाई. मामा आले की परत घालायला लावते हाक. तवर तुमी घरात जरा मोठ्यानं बोलत ऱ्हा."

"कुणाशी?"

"ते बी खरंच हाय," म्हणाल्या आणि म्हशीकडे गेल्या.

४

पुढे गल्ली शांत झाली. सकाळी छबुबाई दूध ठेवायला यायच्या, "भाऊ, दूध ठिवलंय बरं," म्हणायच्या, मी आतून "ओ, आलो" म्हणायचो. तेवढंच दिवसाचं बोलणं.

दिवाळी होऊन गेली आणि एक दिवस 'बंद घरं'वर नवं मुद्रण आलं. पाटी होती: 'शिरूर कासार, मास्तरांचं घर'.

आधी मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. निरोपाचा उपयोग झाला म्हणायचा. गावात मास्तर काय एकच होऊन गेले? असेल दुसऱ्या कुणाचं. मी हेडफोन लावला. धोंडीराममामांचा आवाज आला. तीन हाका. कडी. आणि मग घड्याळ सुरू झालं.

टिक, टिक, टिक, आणि एक ठोका गिळला.

मी हेडफोन काढला. भिंतीवर तेच घड्याळ तेच करत होतं. मी पुन्हा लावला. फ्रिज थरथरून बंद पडला, तोही आमचाच. बंद पडताना तो मागच्या भिंतीवर हलकेच आपटतो. मोरीतला नळ. पलीकडून छबुबाईंची म्हैस. मग पावलं, आणि दाराबाहेरून, "भाऊ, दूध ठिवलंय बरं."

मी वाट पाहिली. माझी 'ओ' आली नाही. थोडा वेळ नुसतं घड्याळ. मग दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उचलल्याचा आवाज आला.

मी काही वेडा नाही. मी उठून सगळं घर धुंडाळलं. घड्याळामागे, फडताळात, कॉटखाली, दिव्याच्या होल्डरमध्ये. कुणीतरी माइक लपवला असणार. माइक सापडला नाही. पेटीच्या मागे मंगलची एक केसांची पिन तेवढी सापडली. ती मी खिशात ठेवली.

मग डोकं चालवलं. हल्ली मुद्रणातून माणसाचा आवाज तेवढा वेगळा काढून टाकता येतो, अशी सोय निघाली आहे. मीच तिच्यावर पान लिहिलं होतं. म्हणजे कुणी तरी चलाख पोरानं माइक ठेवला, नेला, आणि मला पुसून टाकलं. माझ्याच वाक्यावर केलेली करामत. बुद्धीला पटलं.

आणि सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे मुद्रण सुंदर होतं. आधीच्या सगळ्या घरांहून उजवं. तो गिळलेला ठोका, त्यानंतरची ती पोकळी. माझ्या घराचा आवाज माझ्यावाचून इतका चांगला असावा, याचा मला राग आला, आणि लाजही वाटली. शुक्रवारी मी ते पानावर घेतलं. घर माझं आहे हे लिहिलं नाही. कुणीतरी ओळखेल, विचारेल, अशी वेडी आशा होती.

उत्तरं भरभरून आली. 'काय शांतता आहे!' 'झाकण उचललं तिथे काटा आला.' एका बाईंनी विचारलं होतं, 'या घरात कोण राहायचं?'

मी लिहिलं, 'मी राहतो.' त्यावर त्यांचं काही आलं नाही. कुणाचंच आलं नाही.

५

छबुबाईंचा सल्ला मी हसण्यावारी नेला होता. आता निमूट पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसलो, फोनवर आवाज टिपायला लावला आणि एक जाडजूड पुस्तक मोठ्यानं वाचायला घेतलं. घसा बसेपर्यंत वाचलं. मग ऐकलं. माझा आवाज खणखणीत होता. इतकं हायसं वाटलं की मी त्या दिवशी पिठलं करून दोन भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी 'बंद घरं'वर नवा तुकडा आला. पाटी तीच. हाका नव्हत्या या वेळी, सरळ घरच होतं. घड्याळ. खुर्ची करकरली. मग एक पान उलटलं. बऱ्याच वेळानं दुसरं. पुस्तकाची पानं उलटत होती, वाचणारा नव्हता.

मी घाईघाईनं फोनवरचं माझं मुद्रण पुन्हा लावलं. आवाज होता. पण सकाळी तो माझ्या तोंडाशी होता, आता तो मागच्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. मी स्वतःला समजावलं की कान थकले आहेत. तिसऱ्यांदा लावायची माझी छाती झाली नाही.

माणसांत जावं म्हणून बसस्टँडवरच्या हॉटेलात गेलो. "एक चहा," म्हटलं. मालकानं माझ्या अलीकडच्याला दिला, पलीकडच्याला दिला. पुन्हा म्हटलं. तो फडक्यानं माझ्यापुढचं टेबल पुसून गेला. आता हेही खरं, की त्या हॉटेलात मला नेहमीच उशिरा चहा मिळतो. गिऱ्हाईक म्हणून माझ्यात काही वजन नाही. मी बराच वेळ बसलो. मग एक माणूस आला आणि थेट माझ्या खुर्चीवर बसायला निघाला. मी झटकन उठलो, तेव्हा तो बसला. माफी वगैरे काही नाही.

मी घरी आलो तेव्हा छबुबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. मी अगदी त्यांच्या पुढ्यात उभा राहिलो. "मावशी," म्हणालो. त्यांनी सूप थांबवलं. मान थोडी कलती केली, माझ्या घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग पुन्हा पाखडायला लागल्या. फोलपटं माझ्या पायांवर उडत होती.

६

रविवारी दिपालीचा फोन आला.

"बाबा!"

"ओ!"

"बाबा?"

"ओ! दिपू, ऐकू येतंय का?"

"बाबा, तुमचा आवाज येत नाहीये. हॅलो?"

हॅलो म्हणाली ती. मी ओरडलो. गच्चीवर गेलो, रस्त्यावर गेलो. इकडे रेंजची बोंबच असते, त्यात नवल नव्हतं. माझ्या फोनमध्ये तिचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. मागे तिच्या घरात कुणाचं तरी हसणं येत होतं. "मागच्या रविवारीही असंच झालं," ती कुणाला तरी म्हणाली, आणि फोन ठेवला.

मागच्या रविवारी आम्ही चांगले अर्धा तास बोललो होतो. निदान मी बोललो होतो. तिनं त्यात काय काय म्हटलं ते आठवायला बसलो, तर तिचं एकही वाक्य मला आठवेना.

मी निरोप पाठवला, 'मी ठीक आहे गं. रेंज नाही.' एकच खूण उमटली, दुसरी उमटेना. तिचे निरोप मात्र येत राहिले. 'बाबा, काळजी वाटतेय.' 'शुक्रवारचं पान नाही आलं.' 'छबुआजीला फोन केला. ती म्हणते भाऊ दिसलेच नाहीत बरेच दिवस, दूध तसंच राहतं.' शेवटचा निरोप होता, 'गुरुवारी येतेय.'

दूध तसंच राहत नव्हतं. मी रोज घेत होतो. पण छबुबाई असं का म्हणाल्या, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. ती येणार, एवढंच मनात राहिलं. तिच्यासमोर उभा राहिलो की सगळं नीट होईल. पोटची पोर आहे. हॉटेलवाल्याला दिसत नसेन, तिला कसा दिसणार नाही? मी घर झाडलं, दाढी केली, इस्त्रीचा सदरा काढला. गुरुवारपर्यंत मी कुणालाही हाक मारली नाही. आवाज जपून ठेवावा असं वाटत होतं.

७

ती दुपारी आली. रिक्षा थांबल्याचं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. चहा उकळत होता. आलं घातलं होतं, तिला आवडतं म्हणून. दोन कप भरले, बशांत ठेवून बैठकीतल्या टेबलावर नेले. दार मी सकाळपासून सताड उघडं ठेवलं होतं.

ती उंबऱ्यात उभी होती. वाळली होती. मागे छबुबाई.

"बाबा!"

"ओ," मी म्हणालो. माझा आवाज मला छान ऐकू आला.

ती माझ्याकडे बघत होती. म्हणजे माझ्या मागच्या भिंतीकडे.

"बाबा?"

"ओ, दिपू. अगं हा काय मी."

"आनी यकदा घाल," छबुबाई म्हणाल्या. त्यांनी तिचा दंड धरला होता.

तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फुटला. मीही ओ दिली, इतक्या मोठ्यानं की छातीत दुखलं. घड्याळानं एक ठोका गिळला. ती डोळे पुसत म्हणाली, "बॅग इथेच आहे त्यांची. चपला इथेच. कुठे गेले असतील, आजी?"

मग मला पानं आठवली. पुस्तकाची पानं उलटलेली ऐकू आली होती. झाकण ऐकू आलं होतं. मी वाजत नव्हतो, पण माझ्या हातातली वस्तू वाजत होती. मी शेजारच्या फडताळातली रिकामी ताटली उचलली आणि जोरात टेबलावर आपटली.

दिपाली दचकली. "काय वाजलं?"

छबुबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच आत नजर टाकली. मग म्हणाल्या, "मांजर आसंल. आत ऱ्हाऊ द्यू न्हाई. बघ बरं, भायेर काड तिला."

ती आत आली! माझी लेक आत आली. मी बाजूला झालो नाही, हात पुढे केले. तिच्या अंगाचा वास आला मला, प्रवासाचा, आणि तिच्या आईच्या तेलाचा. ती माझ्या अगदी जवळून पुढे गेली, कॉटखाली वाकली, "माऊ, माऊ" करत दारामागे पाहिलं. मग सरळ झाली, आणि तिची नजर टेबलावर गेली.

दोन कप. दोन्हींतून वाफ निघत होती.

तिनं एका कपाला बोट लावलं आणि चटका बसल्यागत मागे घेतलं.

"आजी," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "चहा गरम आहे."

छबुबाई उंबरा ओलांडून आत आल्या नाहीत. "भायेर ये," म्हणाल्या.

"आलं घातलंय. आजी, कुणीतरी आत्ता..."

"भायेर ये आदी! माजं ऐक, पोरी. मागं बघू नगं."

मी एक कप बशीसकट उचलला. तिच्यापुढे धरला. मला वेड्याला वाटलं, तिच्या आवडीचा चहा आहे, हातात दिला की ओळखेल. कप बशीवर किणकिणत तिच्या तोंडासमोर आला, आणि माझ्या लेकीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तसं कुणी माझ्याकडे कधीही पाहू नये. तोंड उघडलं होतं, ओरडता येत नव्हतं. मागे सरकताना तिची पाठ भिंतीला लागली, घड्याळ हललं. मग ती पळाली. उंबऱ्याला ठेच लागली तरी थांबली नाही.

दार ओढलं गेलं. कडी वाजली. छबुबाईंनी कुठलं तरी कुलूप आणलेलंच होतं, तेही वाजलं.

मी कप हातात धरून दारामागे उभा राहिलो. बाहेर छबुबाई तिला पाणी देत होत्या. "मामा येतील पाडव्याला," त्या म्हणाल्या, "मग बघू. तवर हिकडं फिरकू नगं." दिपालीचं रडणं हळूहळू थांबलं. रिक्षा चालू झाली, पण गेली नाही. पावलं परत आली. दारापाशी थांबली. लाकडावर तिनं कान टेकवला असावा, कारण तिचा श्वास मला फोनमध्ये ऐकला होता तसाच, अगदी जवळ ऐकू आला.

"बाबा?"

हाक नव्हती ती. विचारत होती. आणि भीत होती. उत्तर येईल म्हणून भीत होती, की येणार नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

मी कप दारावर टकटकवू शकलो असतो. बशी आपटू शकलो असतो. तिला कळलं असतं की आत कुणीतरी आहे. त्या कुणीतरीला ती आयुष्यभर भ्याली असती.

मी दोन्ही हातांनी कप धरला, बशीवर वाजू नये म्हणून. खाली बसलो आणि तो अलगद फरशीवर ठेवला. आवाज होऊ दिला नाही. ती बराच वेळ थांबली. मग गेली.

तिचा चहा फरशीवर निवत होता. घड्याळ चाललं होतं. त्यानं ठोका गिळला, आणि त्या पोकळीत मी हळूच, फक्त तोंड हलवून, ओ दिली.